पेटीला ताप आला त्याची गोष्ट



गणेशोत्सवाच्या छापील पत्रिकेत ‘जुन्या आठवणी’ हा चित्रफितींचा कार्यक्रम होता आणि प्रत्यक्षात तो झाला नाही, हे पुष्कळांच्या लक्षात आले. त्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून ‘तांत्रिक अडचण’ एवढेच सांगण्यात आले. तांत्रिक अडचण हे मोठे सोयीचे पांघरूण आहे. आजच्या लेखाचा विषय पांघरूण हाच असल्यामुळे ते बाजूला करून खरे काय झाले ते सांगतो.

सभासदांच्या घरी पडून असलेल्या ऑडिओ कॅसेट, व्हीएचएस आणि छोट्या कॅमेऱ्याच्या टेप संगणकावर उतरवून घ्यायचे काम मंडळाने आम्हा दोघांकडे दिले होते. घर नोव्हेना स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे पिशव्या आणून देणे सगळ्यांनाच सोपे. शनिवारी नोव्हेना चर्चला प्रार्थनेसाठी येणारी गर्दी आणि आमच्याकडे कॅसेटची पिशवी घेऊन येणारी मंडळी एकाच फाटकातून बाहेर पडत. चार-पाच महिन्यांत बारशी, मुंजी, नाटकाच्या तालमी आणि आता हयात नसलेल्या कितीतरी माणसांचे आवाज मिळून दीड टेराबाइट मजकूर जमला. तो जमेल तसा लॅपटॉपवर आणि दोन जुन्या डिस्कवर विखुरला होता. सगळे एका जागी आणावे म्हणून मंडळाच्या खर्चाने चार टेराबाइटची, बाहेरून जोडायची, काळ्या प्लास्टिकच्या सुबक पेटीतली हार्ड डिस्क घेतली.

दीड टेराबाइट हलवायला चार-पाच तास लागणार, म्हणून रात्रीची वेळ ठरवली. डिस्कची सततची बारीक घरघर आणि तिचा डोळे मिचकावणारा निळा दिवा झोपायच्या खोलीत नको वाटला. मग आमच्या सुपीक डोक्यातून बॉम्ब शेल्टर निघाले. नव्याने आलेल्या मंडळींसाठी सांगतो, १९९७च्या कायद्यानंतर इथे बांधलेल्या बहुतेक घरांत जाड काँक्रीटच्या भिंतींची आणि पोलादी दाराची एक छोटी खोली असते. संकट आले तर आसरा, एरवी अडगळ. आमच्या शेल्टरमध्ये गणपतीचे मखर, पैठण्यांची बॅग, दिवाळीचा आकाशकंदील, तांदळाची दहा किलोची पिशवी आणि शिडी असा संसार आहे. विजेचे बटण आहे. जागा सुरक्षित. आणखी काय हवे?

मग सुरू झाली काळजी घेणे. डिस्कला धक्का लागू नये म्हणून तिच्याखाली मखराच्या उरलेल्या थर्माकोलचा तुकडा ठेवला. धूळ बसू नये म्हणून वरून आईने विणलेला क्रोशाचा रुमाल घातला. दिव्याचा उजेड बाहेर येऊ नये म्हणून पोलादी दार लावून घेतले. मनात म्हटले, आता ही लेकराची झोप झोपेल.

ही आपली जुनी खोड. ज्याची किंमत वाटते त्याला आपण खोळ घालतो. टीव्हीला झालरीचे कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या दांड्याला कव्हर, रिमोटला प्लास्टिकची पिशवी, नव्या सोफ्यावर चादर आणि चादर मळू नये म्हणून तिच्यावर आणखी एक. आमच्या लहानपणी घरातला टेपरेकॉर्डर फक्त वाजवायच्या वेळी उघडा दिसे. तो वर्षानुवर्षे टिकला, त्यामुळे कव्हरानेच टिकला अशी आमची समजूत झाली. पण तो दिवसाला अर्धा तास चालायचा, हे हिशेबात धरायचे राहून गेले.

पहाटे साडेपाचला दार उघडले तेव्हा शेल्टरमधली हवा अंगावर आली. लॅपटॉपच्या पडद्यावर एकच ओळ होती, डिस्क सापडत नाही. रुमाल उचलून पेटीला हात लावला तर चहाच्या भरल्या कपाला लागावा तसा चटका. डिस्क चालूच होती, पण संगणकाशी तिचे बोलणे तुटले होते. बंद करून पंख्याखाली ठेवली. तासाभराने पुन्हा जोडल्यावर ती जागी झाली, मात्र तिच्यातल्या फाइलींची यादी विस्कटलेली होती.

काय झाले असावे, हे आता शांतपणे सांगता येते. आमच्या दोघांपैकी एकाने रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आहे, म्हणजे उष्णता या विषयाशी पोटापाण्याचा संबंध आहे. प्रयोगशाळेत साधा फ्लास्क तापवायचा तरी वर थंड पाण्याचे कंडेन्सर लावल्याशिवाय आम्ही बटणाला हात लावत नाही. घरी मात्र डिस्कला थर्माकोलच्या गादीवर झोपवले!

डिस्कच्या आत काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्या असतात. आमच्या डिस्कमधल्या चकत्या मिनिटाला ७,२०० फेरे घेतात. साडेतीन इंची डिस्कच्या चकतीची कड या वेगाने ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर पळते, आणि वाचणारे हेड तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. मध्ये वंगणाचा जो थर असतो तो एक-दोन नॅनोमीटर जाडीचा. फ्लोरिनयुक्त बहुवारिकाचा हा थर म्हणजे रसायनशास्त्राची खरोखर करामत आहे, पण त्यावर लिहायला बसलो तर संपादक पुढच्या अंकात जागा देणार नाहीत. मुद्दा इतकाच की अशी डिस्क काम करताना सहा ते आठ वॅट वीज खाते आणि त्या सगळ्याची शेवटी उष्णताच होते. दिवा निदान थोडा उजेड देतो, डिस्क फक्त गरम होते.

सात वॅट म्हणजे काही फार नाही. समईच्या एका वातीची उष्णता याहून कितीतरी जास्त. पण समई उघड्यावर असते. इथे सात वॅट आधी डिस्कच्या धातूच्या अंगात, तिथून पेटीच्या आतल्या कोंडलेल्या हवेत, हवेतून प्लास्टिकच्या भिंतीत आणि भिंतीतून बाहेर असे जायचे असतात. अ‍ॅल्युमिनियम प्लास्टिकच्या सुमारे हजारपट चांगल्या रीतीने उष्णता वाहून नेते. स्थिर हवा तर प्लास्टिकपेक्षाही वाईट वाहक. लोकरीचा स्वेटर उबदार असतो तो लोकरीमुळे कमी आणि तिच्यात अडकलेल्या हवेमुळे जास्त. थर्माकोल म्हणजे जवळजवळ सगळी हवाच. आणि क्रोशाचा रुमाल म्हणजे दुसरा स्वेटर.

पुढे आम्ही मोजून पाहिले. डिस्कच्या आतच तापमान मोजणारा संवेदक असतो आणि तो आकडा दाखवणारे फुकट प्रोग्रॅम मिळतात. काही पेट्यांतला जोडणीचा सर्किट बोर्ड हा आकडा पुढे जाऊ देत नाही, आमच्या पेटीतला देत होता. दिवाणखान्यात ३० अंश तापमान असताना पेटी उघड्या टेबलावर ठेवली आणि तासभर फाइली उतरवल्या, तर डिस्क ५३ वर गेली. म्हणजे खोलीपेक्षा २३ अंश वर. बंद शेल्टरमध्ये रात्रभर लॅपटॉप आणि डिस्क मिळून हवा तापवत होते, वर दोन स्वेटर. बऱ्याच डिस्कना उत्पादकाने ६० अंशांची मर्यादा घातलेली असते. पहाटे ती ओलांडली गेली असणार यात आम्हाला शंका नाही. आमचा अंदाज असा की डिस्कच्या आधी तो छोटा सर्किट बोर्ड शरण गेला. फाइल लिहिता लिहिता मधेच जोडणी तुटली आणि यादी विस्कटली.

हे कळल्यावर चौकशीला फोन आले आणि सल्लेही. नागपूरहून बाबांनी सुचवले, ओले फडके गुंडाळा, माठासारखे गार राहील. बाबांचे नागपुरात बरोबर आहे. मे महिन्यात कोरड्या हवेत कूलर पंधरा अंशांचा फरक पाडतो. सिंगापूरच्या हवेत आधीच इतके पाणी असते की फडके वाळतच नाही आणि वाळल्याशिवाय गारवा नाही. इथे माठ ठेवून पाहिला आहे ज्यांनी, ते हसतील. शिवाय विजेच्या पेटीला ओले फडके!

दुसऱ्या एका मित्राने डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितले. बंद पडलेली डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की थोडा वेळ चालते, अशी जुनी समजूत आहे. आमच्याकडे दवबिंदू साधारण २४ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड वस्तू खोलीत आणली की तिला घाम फुटतो. ताकाच्या पेल्याला फुटतो, तोच. बहुतेक साध्या डिस्कना हवेचा दाब सारखा राहावा म्हणून गाळणी लावलेले बारीक छिद्र असते, म्हणजे दमट हवा आत जाऊ शकते. नॅनोमीटरच्या फटीत दव? नको. एसी लावलेल्या गार खोलीतली डिस्क बाहेर आणली तर जोडण्याआधी अर्धा तास तशीच ठेवावी, हे त्यातूनच आम्ही शिकलो.

शेवटी न्यूटनला गाडी बदलून रोचोरला गेलो आणि सिम लिम स्क्वेअरमध्ये दोन तास घालवले. आधी अ‍ॅल्युमिनियमची पेटी घेतली. मोठ्या उत्साहाने डिस्क तिच्यात बसवली आणि मोजले, तर ४९. एवढा खर्च करून चार अंश! उघडून पाहिले तेव्हा कारण दिसले. डिस्क प्लास्टिकच्या कंसात अडकवली होती आणि तिच्यात व धातूच्या भिंतीत तीन मिलिमीटर हवा होती. पेटी अ‍ॅल्युमिनियमची, पण डिस्क तिला शिवतच नव्हती. सोवळ्यातल्या आजीसारखी! त्या फटीत उष्णता वाहून नेणारी मऊ रबरी पट्टी बसवली, पट्टीचा एक चेहरा डिस्कला आणि दुसरा भिंतीला घट्ट टेकेल अशी. आकडा ४४ वर आला. मग पेटी आडवी न ठेवता उभी केली, म्हणजे दोन्ही अंगांनी गरम हवा आपोआप वर निघून जाते. ४२. आणि समोर आठ सेंटिमीटरचा मोठा पंखा अगदी हळू फिरवला तेव्हा ३७. पेटीच्या पाठीला बसवलेला चार सेंटिमीटरचा चिमुकला पंखा आम्ही काढून टाकला. तो डासासारखा गुणगुणतो, धूळ खातो आणि एक दिवस गुपचूप बंद पडतो, मग पेटी पुन्हा खोळच.

यापुढे जाऊन आणखी गार करायच्या नादाला लागू नये. गूगलच्या तीन संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कच्या नोंदींवरून निबंध प्रसिद्ध केला. त्यांना अपेक्षा होती तसा तापमान आणि बिघाड यांचा सरळ संबंध आढळला नाही. फार तापलेल्या आणि वयाने जुन्या डिस्क जास्त बिघडल्या हे खरे, पण अगदी थंड ठेवलेल्या नव्या डिस्कचे प्रमाणही वाईटच निघाले. रसायनशास्त्रात दर दहा अंशांना क्रियेचा वेग दुप्पट होतो असा ढोबळ नियम आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. तो इथे जसाच्या तसा लावायचा मोह होतो, पण डिस्क म्हणजे एक रासायनिक क्रिया नव्हे. ३५ ते ४५ च्या मध्ये ठेवावी आणि स्वस्थ बसावे, असे आमचे मत झाले आहे. गंमत म्हणजे हल्लीच्या डिस्कच्या हेडमध्येच एक सूक्ष्म हीटर असतो. त्याच्या उबेने हेडचे टोक किंचित फुगते आणि चकतीच्या योग्य तितके जवळ येते.

न फिरणाऱ्या एसएसडी घ्याव्यात का, असे काहींनी विचारले. रोजच्या कामाला जरूर घ्या. पण वीज न देता कपाटात वर्षानुवर्षे ठेवायला आम्हाला त्या पटत नाहीत. त्यांच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते, तो हळूहळू गळतो आणि उष्णतेत लवकर गळतो.

हे सगळे सिंगापुरात घडावे याचे जरा हसू येते. सीगेट कंपनी इथे १९८२ मध्ये आली, तिच्यामागून इतर आल्या आणि काही वर्षांतच हे बेट जगातला सर्वांत मोठा हार्ड डिस्क उत्पादक देश बनले. सीगेटचा आंग मो किओचा कारखाना २०१० मध्ये बंद झाला. ज्या गावाने जगाला डिस्क पुरवल्या, त्या गावात आम्ही ती रुमालाखाली उकडली.

आता गेले काय, ते सांगायला हवे. इथपर्यंत टाळत आलो.

जुन्या दोन डिस्कवरच्या चित्रफिती प्रोग्रॅमच्या मदतीने जवळजवळ सगळ्या परत मिळाल्या. पण लॅपटॉपवरचे आवाज नाही मिळाले. कारण आम्ही फाइलींची नक्कल केली नव्हती, त्या उचलून हलवल्या होत्या. एसएसडीवरून फाइल पुसली की ती जागा लॅपटॉप स्वतःच झाडून साफ करतो. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही आम्ही बजावतो की स्फटिक वाळवून वजन होईपर्यंत खालचा द्राव ओतून द्यायचा नाही. आम्ही ओतून दिला होता. बहुतेकांच्या कॅसेट शाबूत होत्या, त्या पुन्हा वाजवून घेतल्या. एक मात्र नव्हती.

आपल्यातल्या एका ज्येष्ठ काकूंनी त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट दिली होती. सातारा जिल्ह्यातल्या गावी, १९८६च्या उन्हाळ्यात, जात्याच्या घरघरीसकट भरलेली. इथल्या दमट हवेत टेपला बुरशी धरली होती. आम्ही ती वाजवली तेव्हा पट्टीवरचा थर हेडला चिकटून निघत गेला. म्हणजे ती एकदाच वाजणार होती आणि एकदाच वाजली. पहिली बाजू नमुना म्हणून काकूंना फोनवर पाठवली होती, ती वाचली. दुसरी बाजू गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून गावोगाव हिंडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि आज त्यातल्या काही ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्यात काकूंच्या आईच्या गावच्या ओव्या सापडतील का म्हणून दोन रात्री शोधले. तशा ओव्या पुष्कळ आहेत, पण तो आवाज कुठून मिळणार?

काकूंकडे सांगायला गेलो तेव्हा काय बोलायचे ते बसमध्ये पाठ केले होते. दारातच विसरलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. रागावल्या नाहीत, गप्प झाल्या, ते जास्त जड गेले. मग चहा टाकायला उठल्या आणि ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणाल्या, “दुसऱ्या बाजूला भावाच्या ओव्या होत्या. मला येतात त्यातल्या काही. आईसारख्या नाही येत.”

पुढच्या रविवारी त्या नोव्हेनाला आमच्याकडे आल्या. येताना त्यांनी विचारले, “ती पेटी कुठे आहे? बघू दे तरी.” उभी केलेली पेटी, समोरचा पंखा, सगळे निरखून पाहिले. मायक्रोफोन लावला तर एसीचा आवाज येई, तो बंद केला. छताचा पंखा बंद केला. डिस्कपुढचा पंखाही बंद करावा लागला. खिडक्या लावल्या, कारण खालून थॉमसन रोडची वाहने ऐकू येतात. काकू पाटावर बसल्या, बसल्याशिवाय सुचत नाही म्हणाल्या, आणि उजवा हात जात्याचा खुंटा धरल्यासारखा फिरवत म्हणू लागल्या. मधेच थांबून “नाही नाही, आई इथं वेगळं म्हणायची,” असे तीनदा म्हणाल्या. तेही आम्ही पुसले नाही. तास होत आला तेव्हा खोलीत ३२ अंश होते, आमचे शर्ट पाठीला चिकटले होते आणि डिस्क ४३ वर होती. एकोणीस ओव्या झाल्या. काकू म्हणाल्या, आणखी दोन आहेत, पण आधी तो पंखा लावा.

ही एकोणीस अधिक दोन आता तीन ठिकाणी आहेत. मंडळाची डिस्क आमच्याकडे दिवाणखान्यात पुस्तकांच्या कपाटावर उघडी उभी आहे, नक्कल चिटणिसांकडे आणि तिसरी प्रत काकूंच्या भाच्याकडे कऱ्हाडला. ‘जुन्या आठवणी’चा कार्यक्रम संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दाखवू. ज्यांच्याकडे अजून कॅसेट आहेत त्यांनी त्या प्लास्टिकच्या पिशवीत न बांधता, कागदी पाकिटात घालून आणून द्याव्यात. आणि आमच्याकडे आलात तर कपाटावरच्या पेटीवर कृपा करून पर्स ठेवू नये.